निळा राउटर आणि तिसरं कलम

२००२ च्या डिसेंबरात लिंक्सिस कंपनीने घरगुती वापराचा एक वायरलेस राउटर बाजारात आणला. डब्ल्यूआरटी५४जी असं त्याचं बोजड नाव. दर्शनी भाग निळा, बाकी अंग काळपट, पाठीमागे दोन अँटेना आणि वायरीने कॉम्प्युटर जोडायला चार पोर्ट. नावातले ५४ म्हणजे सेकंदाला ५४ मेगाबिट. आदल्या पिढीची धाव ११ मेगाबिटांवर संपायची, त्यामुळे ही उडी मोठी होती. तो ज्या ८०२.११जी मानकावर चालायचा ते मानक तेव्हा मंजूरही झालेलं नव्हतं. मंजुरी मिळाली जून २००३ मध्ये. लिंक्सिसला तेवढी कळ काढायची नव्हती, मसुद्यावरच माल दुकानात पोचला.

लिंक्सिस ही व्हिक्टर आणि जेनी त्साओ या तैवानहून अमेरिकेत आलेल्या दांपत्याने १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनमध्ये, घराच्या गॅरेजमधून सुरू केलेली कंपनी. चिप एकाची, जुळणी दुसऱ्याची, सॉफ्टवेअर तिसऱ्याचं आणि खोक्यावर नाव आपलं, हा तिचा धंदा. आणि तो तिला उत्तम जमला होता. इतका, की मार्च २००३ मध्ये सिस्कोने तिला सुमारे ५० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात विकत घ्यायचं जाहीर केलं. मोठमोठ्या टेलिफोन कंपन्यांना यंत्रं पुरवणाऱ्या सिस्कोला आता लोकांच्या घरात शिरायचं होतं. घरासोबत आपण आणखी काय विकत घेतोय, हे तिला तीन महिन्यांनी कळलं.

जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लस नावाच्या प्रोग्रामरने लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या मंडळींसमोर एक जाहीर तक्रार मांडली. राउटरच्या फर्मवेअरची, म्हणजे आत बसवलेल्या सॉफ्टवेअरची, फाइल कंपनीच्या साइटवर कुणालाही उतरवून घेता येत होती. ती सोलून पाहिली तर आत लिनक्सचा कर्नल, बिझीबॉक्स आणि अशीच आणखी बरीच ओळखीची मंडळी बसलेली. राउटरमध्ये लिनक्स असणं हा काही गुन्हा नव्हता. लिनक्स फुकट वापरायला कुणाचीच हरकत नसते. पण ते ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, त्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिसरं कलम आहे. प्रोग्राम तयार स्वरूपात दुसऱ्याला द्याल तर त्याचा संपूर्ण सोर्स कोडही सोबत द्या, किंवा निदान तीन वर्षं तो मागेल त्याला देऊ असं लेखी कबूल करा. लिंक्सिसच्या खोक्यात ना कोड होता, ना असा कागद.

यात कुणी कारस्थान केलं होतं असं मला वाटत नाही. ब्रॉडकॉमने आपल्या चिपसाठी लिनक्स जुळवून घेतलं आणि तैवानच्या सायबरटॅनला दिलं. सायबरटॅनने त्यावर फर्मवेअर रचून लिंक्सिसला दिलं. लिंक्सिसने त्यावर आपला शिक्का मारला, आणि सिस्कोने शिक्क्यासकट कंपनी घेतली. कागदपत्रं मागच्याने पाहिली असतील, असं साखळीतला प्रत्येक जण धरून चालला. खरेदीआधी सिस्कोच्या वकिलांनी हिशेबाच्या वह्या नक्कीच उलटसुलट तपासल्या असणार. फर्मवेअरची फाइल उघडून पाहावी असं त्यांतल्या कुणाला सुचलं नसावं.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने प्रकरण हातात घेतलं. संस्थेचे कार्यकारी संचालक तेव्हा ब्रॅडली कुन होते आणि कायद्याची बाजू कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक एबेन मॉग्लेन पाहत. कोर्टात न जाता, बोभाटा न करता समोरच्याला परवाना पाळायला लावायचं, ही त्यांची रीत. काळही नाजूक होता. मार्चमध्येच एससीओ या कंपनीने लिनक्सवरून आयबीएमवर दावा ठोकला होता आणि लिनक्स वापरणं कायद्याच्या दृष्टीने धोक्याचं आहे अशी कुजबुज कंपन्यांमध्ये चालू होती. त्या हवेत सिस्कोसारख्या बड्या गिऱ्हाइकाला कोर्टात खेचणं परवडणारं नव्हतं. तरी ऑक्टोबरात फोर्ब्सने या वादावर लेख छापलाच, आणि मथळ्यात परवान्याच्या या रखवालदारांना चक्क सुपारीबाज ठरवलं. तोवर लिंक्सिसने निमूटपणे कोड साइटवर ठेवायला सुरुवातही केली होती. जे ठेवलं ते पूर्ण आहे का, यावर घासाघीस मात्र चालूच राहिली.

परवाना कोर्टात टिकतो का, याचं उत्तर पुढच्या वर्षी जर्मनीत मिळालं, आणि गंमत म्हणजे तेही वायरलेस राउटरवरूनच. फायरवॉलचं काम करणारा नेटफिल्टर लिहिणाऱ्यांपैकी हराल्ड वेल्टे यांनी सिटकॉम कंपनीविरुद्ध म्युनिकच्या जिल्हा न्यायालयात मनाई हुकूम मिळवला, आणि मे २००४ मध्ये न्यायालयाने तो कायम केला. जीपीएल नुसता सद्भावनेचा कागद नाही, हे एखाद्या न्यायालयाने सांगण्याची ही पहिलीच मोठी वेळ.

कोड हाती येण्याआधीच उत्साही मंडळींना निळ्या राउटरमध्ये शिरायची एक फट सापडली होती. राउटरच्या वेबपानावर 'पिंग' करून पाहायची सोय असे: चौकटीत पत्ता लिहा, बटण दाबा, समोरचं यंत्र जागं आहे का ते कळतं. फर्मवेअर लिहिणाऱ्याने चौकटीतला मजकूर न तपासता सरळ आतल्या लिनक्सच्या हवाली केला होता. म्हणजे पत्त्याऐवजी अर्धविराम देऊन पुढे हुकूम लिहिला की राउटर तो इमानेइतबारे पाळायचा. अडचण एकच, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडता येत नसे. त्यावरही तोड निघाली. जागेऐवजी आयएफएस हे व्हेरिएबल लिहायचं, हुकूम वाचणारी लिनक्सची शेल स्वतःच तिथे जागा धरते. अशा तुकड्यातुकड्यांच्या हुकुमांतून लोक एक सेटिंग चालू करून घेत, 'बूट वेट'.

या सेटिंगचं मोल ज्यांनी राउटर गमावलाय त्यांनाच कळेल. ते चालू असलं की वीज आल्यावर राउटर कामाला लागण्याआधी काही सेकंद थांबतो आणि कुणी टीएफटीपीने नवं फर्मवेअर पाठवतंय का ते पाहतो. तेवढ्यात फाइल पोचली तर ठीक, नाही तर पुन्हा प्लग काढा, पुन्हा लावा, आणि एंटर दाबायची वेळ साधा. बूट वेट बंद, आणि चढवलेलं फर्मवेअर बिघडलेलं, असं झालं की राउटरची वीट झाली म्हणत. मग पुढचे दोन पाय मागच्या अंगापासून ओढून खोकं उघडायचं, फ्लॅश चिपचे १५ आणि १६ नंबरचे पाय शोधायचे आणि वीज चालू असताना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते क्षणभर एकमेकांना टेकवायचे. चिप वाचताना चूक झाली की राउटर सुरू करून देणारा बूटलोडर भांबावतो आणि बाहेरून फाइल मागू लागतो. चुकीचे पाय टेकवले तर वीट ती वीटच.

एवढी जोखीम लोक का घेत? उघडून पाहिलं तर ते खोकं म्हणजे छोटा कॉम्प्युटरच होता. पहिल्या आवृत्तीत १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, पुढे २००, सोबत १६ मेगाबाइट रॅम आणि ४ मेगाबाइट फ्लॅश. आजच्या फोनमधला एखादा फोटो त्या फ्लॅशमध्ये मावणार नाही. पण चोवीस तास चालणारं, पंखा नसलेलं, रेडिओ बसवलेलं आणि कुठल्याही दुकानात मिळणारं लिनक्स यंत्र त्या किमतीत दुसरं नव्हतं.

सुरुवातीला नाव झालं ते जेम्स युइंग यांच्या स्वेअसॉफ्टचं. स्वीडनमधून हे फर्मवेअर निघायचं. सतोरी, अल्केमी अशी आवृत्त्यांची नावं. कच्च्या आवृत्त्या वर्षाला २० डॉलर भरणाऱ्यांनाच मिळत, आणि त्या बाहेर वाटल्या तर वर्गणी रद्द. जीपीएलखालचा कोड वाटायला कुणी मनाई करू शकत नाही. पण वाटणाऱ्याला पुढची आवृत्ती देऊ नये, यात परवाना मोडतो का? युइंग म्हणत, मोडत नाही. कायद्याचा कीस काढला तर त्यांचं म्हणणं कदाचित तग धरेलही. मला मात्र ते, ज्या परवान्यामुळे आपलं दुकान उघडलं त्याच्याच तोंडावर दार आपटण्यासारखं वाटतं. त्या काळच्या बऱ्याच वापरकर्त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण सेबास्टियन गॉटशाल या जर्मन प्रोग्रामरने अल्केमीचा कोड घेऊन आपलं डीडी-डब्ल्यूआरटी उभं केलं आणि लोक भराभर तिकडे गेले. नावातलं डीडी म्हणजे ड्रेस्डेनच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरची अक्षरं.

डीडी-डब्ल्यूआरटीच्या पानांवर सेटिंगचा नुसता सुकाळ होता. सर्वांत लाडकं सेटिंग रेडिओच्या ताकदीचं: मुळात २८ मिलिवॉट, पण आकडा २५१ पर्यंत चढवता येई. बहुतेकांनी तो चढवला. त्याने सिग्नलसोबत खरखरही वाढते, चिप तापते, आणि लॅपटॉपचा आवाज राउटरपर्यंत पोचायची अडचण होती तिथेच राहते, हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. जोनाथन झराते यांचं टोमॅटो याच्या अगदी उलट: थोड्या गोष्टी, नेटक्या, आणि घरात कोण किती डेटा ओढतंय याचा डोळ्यांसमोर हलणारा आलेख.

जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटीने वेगळाच रस्ता धरला. इतर जण लिंक्सिसच्या घराला रंगरंगोटी करत होते; यांनी पाया तेवढा ठेवला. लहानसं लिनक्स, लिहिता येईल अशी फाइल सिस्टीम, आणि जे हवं ते पॅकेज ज्याने त्याने चढवायचं. सुरुवातीला वेबपानसुद्धा नव्हतं, काळ्या पडद्यावर हुकूम टंकायचे. आवृत्त्यांना नावं कॉकटेलची, व्हाइट रशियन, कामिकाझे वगैरे. आणि राउटरमध्ये शिरलं की पडद्यावर त्या पेयाची कृती झळके. घरच्या माणसाला हे कोरडं वाटायचं. पण ज्यांना राउटरकडून राउटरपलीकडचं काम करून घ्यायचं होतं, त्यांना नेमकं हेच हवं होतं.

अशा लोकांतले काही बर्लिनमध्ये होते. तिथल्या फ्रायफुंक चळवळीने गच्चीगच्चीवर हे राउटर बसवून, कंपनीवाचून शेजाऱ्याशेजाऱ्यांत जाळं विणलं. एक राउटर बंद पडला तर माहिती दुसऱ्या गच्चीवरून वाट काढते, हे काम ओएलएसआर नावाच्या प्रोटोकॉलचं. आणि काही होते आपल्याकडे, धर्मशाळेत. भारतात वाय-फाय घराबाहेर वापरायला २००५ च्या जानेवारीअखेरपर्यंत परवाना लागायचा. तो उठला आणि फेब्रुवारी संपायच्या आत निर्वासित तिबेटी संस्थांची आठ आवारं एकमेकांना जोडली गेली होती. इस्रायलहून आलेले याहेल बेन-डेव्हिड आणि त्यांचे सहकारी यामागे होते. ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेलं फर्मवेअर घातलेले तेच लिंक्सिस राउटर पाणी शिरणार नाही अशा पेट्यांत घालून छपरांवर चढवले गेले. डोंगराळ मुलूख, पाऊस, विजा, वीजपुरवठा बेभरवशाचा, आणि अँटेनांना लोंबकळणारी माकडं. तरी तीसहून अधिक केंद्रांचं ते जाळं दोन हजारांच्या आसपास कॉम्प्युटरांपर्यंत पोचलं. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्याच सुमारास एमटीएनएल आणि बीएसएनएलचं २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड घरोघरी येऊ लागलं होतं. मोडेम कंपनीच देई, आणि त्याचं फर्मवेअर बदलायचा विचार कुणाच्या डोक्यात येण्यासारखा नव्हता. नेट चालू राहिलं की लोक खूश असत.

लिंक्सिसने दार बंद केलं ते वकिलांच्या सल्ल्याने नव्हे, हिशेबाच्या वहीने. २००५ च्या अखेरीला आलेल्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स बसवलं. ती ऑपरेटिंग सिस्टीम काही कच्ची नव्हती. मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्याही व्हीएक्सवर्क्सवरच चालत. पण ती कमी जागेत राहायची, म्हणून रॅम १६ वरून ८ मेगाबाइट आणि फ्लॅश ४ वरून २ वर आली. व्हीएक्सवर्क्ससाठी पैसे मोजूनही, लाखोंनी खपणाऱ्या मालात दर नगामागे वाचणारी चिपची किंमत जास्त भरली असणार. खोकं तेच, नाव तेच. दुकानातून घेताना तळाशी छापलेला आवृत्तीचा आकडा न पाहणारे फसले.

आणि इथे कंपनीने एक शहाणपणाची गोष्ट केली. जुन्याच चौथ्या आवृत्तीचं यंत्र तिने डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने, थोड्या चढ्या भावात पुन्हा विकायला काढलं. शेवटचा एल लिनक्सचा. मागणी किती टिकेल याचा तिलाही अंदाज नसावा. पुढे २०१३ मध्ये सिस्कोने लिंक्सिस बेल्किनला विकली, वाय-फायच्या दोन पिढ्या आल्या, तरी २०१६ मध्येही हे ५४ मेगाबिटांचं खोकं तयार होत होतं आणि कंपनीला वर्षाला लाखो डॉलर मिळवून देत होतं. परवान्याने जे जबरदस्तीने द्यायला लावलं, तेच मालाचं वैशिष्ट्य म्हणून विकलं गेलं. वकिलांच्या फीपेक्षा ही कमाई नक्कीच जास्त असेल. तरीही सवय जात नाही ती नाहीच: डिसेंबर २००८ मध्ये फाउंडेशनला लिंक्सिसच्या मालावरून शेवटी सिस्कोला कोर्टात खेचावं लागलं. मे २००९ मध्ये तडजोड झाली. परवाने पाळले जातात की नाही हे पाहणारा एक संचालक लिंक्सिससाठी नेमायचं सिस्कोने कबूल केलं, आणि फाउंडेशनला देणगीही दिली.

एक कुलूप मात्र तिसऱ्या कलमानेही उघडलं नव्हतं. लिंक्सिसने दिलेल्या कोडमध्ये रेडिओ चालवणारा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर नव्हता, त्याची फक्त तयार फाइल होती. ती फाइल २.४ कर्नलशीच जुळायची. जगाने २.६ कर्नल कधीच स्वीकारला होता, आणि हे राउटर एका बंद फाइलीच्या दावणीला वर्षानुवर्षं मागेच बांधलेले राहिले. ते सोडवायला दोन गट कामाला लागले. एकाने राउटरमधला ड्रायव्हर उकलून चिपचं वागणं शब्दांत लिहून काढायचं, दुसऱ्याने मूळ फाइल न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. म्हणजे नक्कल केल्याचा आळ येत नाही. असा तयार झालेला ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ कर्नलमध्ये दाखल झाला. राउटरवर तो नीट चालायला आणखी काही वर्षं गेली.

पुढच्या दशकातला खरा धोका दुसऱ्या दिशेने आला. विमानतळांजवळची हवामान रडारं ज्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, तिथे वाय-फाय यंत्रं लुडबुड करू लागली होती. अमेरिकेच्या संपर्क आयोगाने, म्हणजे एफसीसीने, नियम कडक केले, आणि मार्च २०१५ च्या एका मार्गदर्शिकेत उत्पादकांना विचारलं की डीडी-डब्ल्यूआरटीसारखं बाहेरचं फर्मवेअर चढू नये म्हणून तुम्ही काय करता. नाव घेऊन विचारलं. काळजी खोटी नव्हती. २५१ चा आकडा मीही वर सांगितलाच आहे. पण रेडिओपुरतं कुलूप घालणं खर्चिक, अख्खं खोकं बंद करणं सोपं, तेव्हा उत्पादक काय निवडणार हे उघड होतं. ऑक्टोबरात अडीचशेहून अधिक जाणकारांनी आयोगाला पत्र लिहिलं. सह्या करणाऱ्यांत इंटरनेटच्या जनकांपैकी एक विंट सर्फ होते, आणि पत्रामागची धावपळ डेव्ह ताट यांची.

ताट यांच्या शब्दाला वजन होतं. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास एक जुनं दुखणं उजेडात आणलं होतं: घरात एकाने मोठी फाइल पाठवायला घेतली की बाकीच्यांचं नेट का आचके देतं? राउटर आणि मोडेम आपल्या मेमरीत पाकिटांची लांबच लांब रांग साठवत बसतात, म्हणून. मेमरी स्वस्त झाली तशी रांग वाढली आणि दुखणं बळावलं. कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग आवरायची कोडेल ही रीत मांडली, आणि ताट यांनी ती आपल्या मंडळींसह सेरोडब्ल्यूआरटी या ओपनडब्ल्यूआरटीच्या प्रायोगिक अवतारात, दुकानात मिळणाऱ्या नेटगिअरच्या राउटरवर घासूनपुसून घेतली. तिथून ती लिनक्समध्ये आणि कोट्यवधी यंत्रांत पोचली. फर्मवेअर बदलायला बंदी असती तर हा प्रयोग करायला राउटरच नसते, हे त्यांचं सर्वांत बिनतोड म्हणणं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आयोगाने डीडी-डब्ल्यूआरटीचं नाव मार्गदर्शिकेतून काढलं. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकशी झालेल्या तडजोडीत तर चित्र पालटलं. जादा ताकदीने चालू शकणारे राउटर विकल्याबद्दल कंपनीने दोन लाख डॉलर भरायचं ठरलं, आणि त्याच करारात बाहेरच्या फर्मवेअरला वाट करून द्यायचंही तिने मान्य केलं.

आता चिप बनवणाऱ्या कंपन्याच आपल्या राउटर चिपसोबत ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेला कोड देतात, त्यामुळे कारखान्यातून निघालेल्या कितीतरी खोक्यांत वरच्या चकचकीत पानांखाली त्याचीच एखादी जुनी आवृत्ती असते. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ओपनडब्ल्यूआरटीचा स्वतःचा राउटर आला, ओपनडब्ल्यूआरटी वन. बनाना पाय या चिनी कंपनीने बनवलेला, तेव्हाची किंमत ८९ डॉलर. प्रत्येक नगामागचे १० डॉलर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीमार्फत प्रकल्पाला मिळतात. तीच संस्था, जिथे २००३ च्या त्या घासाघिशीतले ब्रॅडली कुन आता धोरणाचं काम पाहतात. रॅम एक गिगाबाइट. फ्लॅश चिप दोन, वेगवेगळ्या. एकीतलं फर्मवेअर बिघडलं तर बटण सरकवून दुसरीवरून राउटर उठवायचा, स्क्रूड्रायव्हर लागत नाही. रेडिओचा एमटी७६ हा ड्रायव्हर पूर्ण खुला आहे, आणि त्याचे मुख्य लेखक फेलिक्स फिटकाऊ हे ओपनडब्ल्यूआरटीच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी. रेडिओ चिपच्या आत चालणारा मायक्रोकोड मात्र अजूनही मीडियाटेककडून बंद फाइल म्हणूनच येतो.